पराभूताची साक्ष

निवडणूक जिंकलेल्या माणसाला ती चोख झाली असे वाटते, यात नवल ते काय? पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाने परीक्षकाच्या न्यायबुद्धीविषयी तक्रार केल्याचे माझ्या इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी कधी ऐकलेले नाही. साक्ष काढायची ती हरलेल्याची. तो जर म्हणाला, "मी हरलो खरा, पण डाव सरळ झाला," तर त्याच्या या एका वाक्याचे मोल जिंकलेल्याच्या शंभर मिरवणुकांहून अधिक आहे.

मुलांच्या लपंडावात जो बाद होतो त्याच्यावर राज्य येते. मोठ्यांच्या खेळात रीत उलटी. तिथे जो जिंकतो त्याला राज्य मिळते. पण दोन्ही खेळ उभे असतात ते एकाच गोष्टीवर. बाद झालेल्याने आपण बाद झालो हे कबूल करायला हवे. एखादा मुलगा ते कबूल करीत नाही, तेव्हा बाकीची मुले "रडीचा डाव!" म्हणून ओरडतात आणि त्याला वगळून पुन्हा खेळायला लागतात. एकट्यादुकट्याचे असे करता येते. पण अंगणातली निम्मी मुलेच जर रडीचा डाव खेळू लागली, किंवा निम्म्या मुलांना दुसरी निम्मी रडी खेळतात असे मनापासून वाटू लागले, तर कोणाला वगळायचे?

अमेरिकेच्या अंगणात आज हाच प्रश्न उभा आहे. दिवाळीच्या फराळाशी बसलेल्या वाचकाला ही परदेशाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण आता गल्लीगल्लीत एखादे घर असे सापडते, की ज्याचा एक आकाशकंदील न्यू जर्सीत नाही तर कॅलिफोर्नियात लागलेला असतो. शिवाय प्रश्न अमेरिकेतला असला तरी त्याचे मूळ नीतीच्या विचारात आहे. आपल्याविरुद्ध गेलेल्या निकालाचे आपण काय देणे लागतो, हा तो प्रश्न.

अमेरिकेत मते अजमावणाऱ्या संस्था दर निवडणुकीच्या आगेमागे लोकांना विचारतात, की मतमोजणी खरी झाली असे तुम्हांला वाटते काय? २०२० साली जो बायडन निवडून आले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांना ती मोजणी स्वच्छ वाटली आणि रिपब्लिकन पक्षाच्या बहुसंख्य लोकांना ती खोटी वाटली. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि रिपब्लिकनांचा गेलेला विश्वास एका रात्रीत परत आला. या चार वर्षांत मतमोजणीची पद्धत काही जगावेगळी बदलली नव्हती. बदलला होता तो निकाल. मग ज्याला आपण विश्वास म्हणतो तो विश्वास होता, की नुसता आनंद होता? आणि ज्याला अविश्वास म्हणतो, ते पराभवाचे दुःख तर नव्हते?

खरा विश्वास ओळखायचा तो पराभवाच्या दिवशी. यासाठी अमेरिकेच्या इतिहासातले काही प्रसंग मला एखाद्या कादंबरीतल्या प्रकरणांसारखे वाटत आले आहेत. अध्यक्षाच्या निवडणुकीनंतर सर्व राज्यांकडून आलेले निर्वाचकांचे कौल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत मोजले जातात, आणि त्या वेळी खुर्चीवर बसायचे असते उपाध्यक्षाने. आता, कित्येकदा हा उपाध्यक्ष स्वतःच अध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेला असतो. म्हणजे आपल्या पराभवाचा आकडा आपल्याच तोंडाने, भर सभेत, वाचून दाखवण्याची पाळी त्याच्यावर येते.

१९६१ च्या ६ जानेवारीला ही पाळी रिचर्ड निक्सन यांच्यावर आली. सहा कोटी ऐंशी लाखांवर मते पडली होती आणि केनेडी यांचे आधिक्य सव्वा लाखाच्याही आतले होते. शिकागोच्या मतपेट्यांविषयी निक्सन यांच्या गोटात उघड कुजबूज होती. पक्षातल्या काही मंडळींनी निरनिराळ्या राज्यांत फेरमोजणीसाठी धडपडही केली. त्यातच हवाई राज्याचा घोटाळा झाला. आधी तिथला कौल निक्सन यांच्या बाजूने गेल्याचे जाहीर झाले आणि मागाहून, फेरमोजणीत, केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले. दोन्ही बाजूंचे कागद सभेपुढे आले. खुर्चीवर बसलेल्या निक्सन यांनी स्वतःच सुचवले, की केनेडींचे कागद ग्राह्य धरावेत. मग त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा विजय जाहीर केला.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून असल्या प्रसंगी माझे मन त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याकडे धाव घेते. हे निक्सन कोणी संत नव्हते. पुढे ते अध्यक्ष झाले, आणि १९७२ साली विरोधी पक्षाच्या वॉटरगेटमधल्या कचेरीत चोरून शिरलेल्या माणसांचे प्रकरण दडपल्यामुळे १९७४ साली त्यांना पायउतार व्हावे लागले. मग १९६१ साली हाच माणूस इतका सरळ कसा वागला? मला वाटते, तो चांगला होता म्हणून नव्हे. तसे वागण्याची रीत होती, आणि ती मोडणे म्हणजे काय हे सभेतल्या प्रत्येकाला कळत होते म्हणून. रीतीचा मोठेपणा हाच, की ती सामान्य माणसाकडूनही एखादा दिवस मोठ्या माणसाचे काम करून घेते.

पण रीत एकटी पुरत नाही. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८६१ च्या फेब्रुवारीत, उपाध्यक्ष ब्रेकिनरिज यांनी अशाच खुर्चीवरून स्वतःचा पराभव आणि लिंकन यांचा विजय जाहीर केला होता. रीत बिनचूक पाळली गेली. पण तोपर्यंत दक्षिणेकडली सात राज्ये संघराज्यातून बाहेर पडली होती. ब्रेकिनरिज स्वतःही त्याच वर्षी बंडखोरांच्या सैन्यात जाऊन मिळाले. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. लिंकन यांची मते खोटी होती असे दक्षिणेचे म्हणणे नव्हते. मते खरी असली तरी ती आपल्याला बांधत नाहीत, एवढेच तिचे म्हणणे होते. पराभव मान्य न करण्याचे हे टोक आहे, आणि त्या देशाने ते एकदा पाहिलेले आहे.

इथे वाचक मला अडवील. "मास्तर, तुम्ही हरलेल्याला मान तुकवायला सांगता, पण डाव खरोखरच खोटा असेल तर?" प्रश्न रास्त आहे. खोटे डाव अमेरिकेत झालेले आहेत. १९४८ साली टेक्सासमध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक झाली, तीत लिंडन जॉन्सन ८७ मतांनी विजयी ठरले. ॲलिस नावाच्या गावातल्या १३ क्रमांकाच्या पेटीत, मतदान संपून काही दिवस झाल्यावर, सुमारे २०० मतांची भर पडली होती. ज्यांनी ती यादी पाहिली त्यांनी सांगितले, की शेवटची नावे एका हाताची, एका शाईची आणि वर्णानुक्रमाने लिहिलेली होती. मतदार वर्णानुक्रमाने रांगेत उभे राहिल्याचे जगात हे एकच उदाहरण असावे!

आणि याहून मोठा खोटेपणा असा होता, की त्यासाठी पेटीला हातच लावावा लागत नव्हता. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या नागरिकांना मतदारयादीत नावच नोंदवू देत नसत. कुठे मतदानासाठी कर, कुठे वाचता येते की नाही याची परीक्षा, कुठे राज्यघटनेतल्या कलमाचा अर्थ सांगण्याची सक्ती. आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार खिडकीमागे बसलेला गोरा कारकून. मीही परीक्षा घेणारा माणूस आहे. ज्या परीक्षेत कोणाला नापास करायचे हे प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वीच ठरलेले असते, तिला परीक्षा म्हणणे हा माझ्या धंद्याचा अपमान आहे. १९६५ पूर्वी मिसिसिपी राज्यात मतदानाच्या वयाच्या काळ्या नागरिकांपैकी शेकडा सातांच्या आसपास लोकांची नावे यादीत होती. त्या वर्षीच्या ७ मार्चला सेल्मा गावाच्या पुलावर निघालेल्या मोर्चाला पोलिसांनी लाठ्यांनी झोडपून काढले. ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. आणि दोनेक वर्षांतच मिसिसिपीतला तो आकडा शेकडा साठाच्या घरात गेला.

गंमत पाहा, की या कायद्यावर सही केली ती याच लिंडन जॉन्सन यांनी. ज्यांच्या वाटचालीत १३ क्रमांकाच्या पेटीचा डाग होता, त्यांच्याच हातून लाखो लोकांसाठी खरी पेटी उघडली गेली. माणसाचे पुण्य आणि पाप एकाच खतावणीत असते, आणि त्यांची बेरीज करण्याचे धाडस मला तरी होत नाही. याच कायद्यातला एक महत्त्वाचा भाग २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केला आणि तेव्हापासून त्यावरचा वाद चालूच आहे.

म्हणून "पूर्वी अमेरिकेत सर्वांचा निवडणुकीवर विश्वास होता" असे कोणी म्हणू लागले, की मी विचारतो, सर्वांचा म्हणजे कोणाचा? ज्यांना अंगणात येऊच दिले नव्हते त्यांची साक्ष कोणी काढली होती? "हार मान" हे सांगण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने समोरच्याला सरळपणे खेळू दिले.

मग शंका घ्यावी की न घ्यावी? आपल्या भाषेने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे असे मला वाटते. आपण 'शंका' आणि 'संशय' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो, पण 'शंकासमाधान' असा जोडशब्द आपल्याकडे आहे; 'संशयसमाधान' असा नाही. शंकेला समाधान असते. ती पुरावा मागते आणि पुरावा मिळाला की शमते. संशय पुरावा मागतो, मिळाला की तो खातो, आणि त्याची भूक वाढते. सीतेने अग्निदिव्य केले, तरी परिटाच्या तोंडच्या एका बोलण्याने तिला वनात जावे लागले. दिव्य कमी पडले म्हणून नव्हे. संशयाला कोणतेच दिव्य पुरत नाही म्हणून.

२००० साली फ्लोरिडात जी उठली ती शंका होती. साठ लाखांच्या आसपास मते आणि बुश यांचे आधिक्य अवघे ५३७! मतपत्रिकेला भोक पाडून मत द्यायचे होते. कुठे कागदाची टिकली नुसतीच लोंबकळत राहिली, कुठे फक्त पोचा आला. पाम बीच भागात दुपानी मतपत्रिका अशी छापली होती, की अनेक वृद्धांना आपले मत भलत्यालाच गेले असे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. पुढे वृत्तपत्रांनी मिळून त्या मतपत्रिका तपासल्या, तेव्हा कोणती कसोटी लावावी त्याप्रमाणे उत्तर बदलत होते. सबंध देशात अल गोर यांना बुश यांच्याहून पाच लाखांवर मते अधिक होती. इतके असून निकालाच्या दुसऱ्या दिवशी गोर यांनी पराभव मान्य केला आणि पुढच्या ६ जानेवारीला उपाध्यक्षाच्या खुर्चीवरून, आपल्याच बाजूच्या सभासदांचे आक्षेप नियमात बसत नाहीत म्हणून नामंजूर करीत, प्रतिस्पर्ध्याचा विजय जाहीर केला.

हा मोठेपणा की दुबळेपणा, यावर त्यांच्याच पक्षात दुमत होते. मला त्यात एक विवेक दिसतो. 'निकाल बरोबर आहे काय' हा एक प्रश्न आणि 'निकाल शेवटचा आहे काय' हा दुसरा प्रश्न. न्यायालयाशी आपण मुळीच सहमत नाही हे गोर यांनी लपवले नाही, पण त्याचा शब्द शेवटचा हे त्यांनी मानले. या दोन प्रश्नांची गल्लत न करणे, हीच पराभूताची सर्वांत अवघड परीक्षा आहे. कोठेतरी थांबायचे हे जर आधी ठरलेले नसेल, तर ज्याच्या अंगात बळ अधिक तोच शेवटपर्यंत टिकेल. आणि मग मते मोजायची तरी कशाला?

२०२० साली उठली तीही प्रथम शंकाच होती असे आपण समजू. महामारीचे वर्ष, टपालाने आलेल्या मतांचे ढीग, रात्री पुढे असलेला उमेदवार सकाळी मागे पडलेला. साध्या माणसाला चमत्कारिक वाटावे असेच ते होते. शंकेला जी जी दारे असतात ती सारी उघडली गेली. साठांवर दावे झाले. ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांनीही ते फेटाळले. जॉर्जियात सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या. तिथले गव्हर्नर आणि निवडणुकीचे प्रमुख दोघेही ट्रम्प यांच्याच पक्षाचे होते, तरी अखेर बायडन ११,७७९ मतांनी पुढे राहिले. ॲरिझोनात रिपब्लिकन सिनेटने नेमलेल्या खासगी मंडळींनी मॅरिकोपा काउंटीच्या मतपत्रिका पुन्हा मोजल्या, तेव्हा बायडन यांचे आधिक्य ३६० मतांनी वाढलेच. इथपर्यंत तक्रार नाही. पण यानंतरही जी उरली ती शंका राहिली नव्हती. २०२१ च्या ६ जानेवारीला जमाव त्याच इमारतीत घुसला आणि मोजणी कित्येक तास बंद पडली. उपाध्यक्ष पेन्स यांच्यावर निकाल फिरवण्यासाठी त्यांच्याच अध्यक्षाचे दडपण होते. ते बधले नाहीत. रात्र उलटून गेल्यावर त्यांनी आपला आणि आपल्या धन्याचा पराभव जाहीर केला.

या संशयाचे दिव्य करावे लागले ते मात्र लहान माणसांना. मते मोजणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांना धमक्या आल्या. काहींना घरदार सोडून राहावे लागले. मोठ्यांनी संशय पेरावा आणि वनवास धाकट्यांनी भोगावा, ही गोष्ट रामायणाइतकीच जुनी दिसते.

ज्या लाखो लोकांनी त्या वेळी निकाल खोटा मानला त्यांची मला चीड येत नाही. प्रत्येक जण काही मतपेटी उघडून पाहू शकत नाही. ज्याच्यावर आपला भरवसा असतो त्याचा शब्द आपण मानतो. म्हणूनच भार आहे तो पुढाऱ्याच्या शब्दावर. २०२४ साली हरलेल्या बाजूच्या काही लोकांतही मते चोरीला गेल्याच्या कहाण्या फिरू लागल्या होत्या. पण कमला हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. त्या कहाण्यांना पाय फुटले नाहीत. आणि २०२५ च्या ६ जानेवारीला हॅरिस यांनीही, उपाध्यक्षाच्या त्याच खुर्चीवरून, स्वतःच्या पराभवाचा आकडा वाचून दाखवला. उपाध्यक्षाचे काम केवळ मोजणीपुरते आहे, असे २०२२ च्या कायद्याने तोवर स्पष्ट करून टाकले होते. कायद्याला कामाचे नियम लिहिता येतात. कबुली मात्र ज्याची त्यानेच द्यावी लागते.

माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे. तिकडचे नागरिकत्व मिळाल्यावर त्याने हौसेने मतदानकेंद्रावर काम केले. त्याने मला लिहिले, "गुरुजी, इथे आपल्यासारखा सगळ्या देशाच्या निवडणुका घेणारा एक आयोग नाही. राज्ये आपापल्या कायद्याने आणि काउंट्या आपापल्या माणसांनी निवडणूक घेतात. आमच्या केंद्रावर दोन्ही पक्षांची सारखी माणसे नेमतात. सकाळी ६ पासून रात्री ८ पर्यंत माझ्या शेजारी विरुद्ध पक्षाच्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्या माझ्यावर नजर ठेवीत होत्या आणि मी त्यांच्यावर. दुपारी त्यांनी मला आपल्या डब्यातली बिस्किटे दिली."

हे पत्र वाचून मला वाटले, की विश्वासाची याहून चांगली व्याख्या कोणी करू नये. विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. विरोधकाचे डोळे उघडे राहतील अशी त्याला शेजारची खुर्ची देणे, म्हणजे विश्वास. शाळेत एखादा मुलगा तक्रार घेऊन येतो तेव्हा मी त्याला तपासलेली उत्तरपत्रिका दाखवतो. ती पाहण्याचा त्याला हक्क आहे. बेरीज चुकली असेल तर गुण वाढवून देणे हे माझे कर्तव्य आहे. पण सारे पाहून झाल्यावर पेपराची घडी घालून बाकावर जाऊन बसणे, हे त्याचे कर्तव्य आहे. यांतले एक कर्तव्य दुसऱ्यावाचून लंगडे पडते. जो उत्तरपत्रिका दाखवीत नाही त्याने विश्वास मागू नये; आणि पाहूनही ज्याला पटवून घ्यायचेच नाही, त्याने न्याय मागू नये.

मन मोठे करून हसतमुखाने हरावे, अशी माझी कोणाकडून अपेक्षा नाही. १८०१ साली जॉन ॲडम्स हे अध्यक्ष असताना निवडणूक हरले. एका पक्षाच्या हातून सत्ता दुसऱ्या पक्षाच्या हाती जाण्याचा त्या देशातला तो पहिलाच प्रसंग. जेफर्सन यांच्या शपथविधीच्या दिवशी, ४ मार्चला, भल्या पहाटे ॲडम्स गाडीत बसून वॉशिंग्टन सोडून निघून गेले. समारंभाला थांबले नाहीत. त्यांनी आशीर्वाद दिले नाहीत, अभिनंदनाचे भाषण केले नाही. ते रुसले होते. पण ते गेले.

लोकशाही हरलेल्या माणसाकडे याहून अधिक काही मागत नाही. त्याने खुशाल रुसावे. फक्त उजाडायच्या आत घर रिकामे करावे. आणि ज्याला ते घर मिळाले त्याने एवढेच करावे, की चार वर्षांनी आपल्यावर तशीच पहाट आली तर त्याच दाराने बाहेर पडता येईल, इतपत ते दार मोकळे ठेवावे.